फ्रीजरवरची चादर

पत्र आलं एप्रिलात. बाहेर त्रेचाळीस.
पंख्याखाली, पेपरवेटखाली फडफडत होतं:
तुमच्या प्रयोगशाळेत पोलिओचा विषाणू
आहे / नाही / असू शकतो.
लागू नसेल ते खोडा.

हत्तुरे सर चहा फुंकत म्हणाले,
आपण कुठं पोलिओवर काम केलं?
नाही म्हणून टाक की, रेणुका.

मी पेन उघडलं
आणि तिसऱ्या शब्दापाशी अडले.

मागच्या खोलीत तो आडवा फ्रीजर,
झाकणाचं रबर दोनदा बदललेला.
तळाशी बर्फात रुतलेला पत्र्याचा डबा.
सत्त्याण्णव सालचे जुलाबाचे नमुने,
कुणा डॉक्टरांच्या अभ्यासाचे. त्यांची बदली झाली,
अभ्यास आमच्याकडेच राहिला.
बापूजी नगर, शास्त्री नगर, दत्त नगर,
एकेचाळीस लेकरं, एकेचाळीस कुप्या.

तेव्हा शोधत होते दुसरंच काही.
पण त्या साली तो गल्लीबोळांतून फिरत होता,
एखाद्या लेकराच्या पोटातून
कुणाला न सांगता गेलाही असेल.
जे शोधलंच नाही
ते नव्हतं, असं मी कसं लिहू?

आणि हा डबा इतकी वर्षं जगवला कुणी? मीच ओ.
लोडशेडिंगात आठ-आठ तास लाइट नसायची.
जिलानी सायकलवर गोणपाटात बर्फाची लादी आणायचा
आणि मी फ्रीजरला घरची चादर पांघरायचे,
जाड, मोरांची, कारखान्यातला सेकंड माल.
लोक हसायचे. गारठ्याला पांघरूण?
चादरीला काय, ती आतलं आत ठेवते.

वडील गिरणीचे वॉचमन. गिरणी बंद पडल्यावरही
अकरा वर्षं.
भोंगा गेला, साचे भंगारात गेले,
हे मात्र संध्याकाळी सहाला डबा घेऊन गेटवर.
कुणी विचारलं, लिंगय्या, आत काय उरलंय राखायला?
तर तेलुगूत म्हणायचे, एमो.
काय माहीत. म्हणून तर बसलोय.

बुधवारी डबा काढला.
दुहेरी हातमोजे, मास्क, चष्म्याच्या आत घाम.
मोजलं. चाळीस.
पुन्हा मोजलं. चाळीस.
वहीत एकेचाळीस.
जिलानी माझ्याकडे बघेना, मी त्याच्याकडे.
दुपारची जेवणं तशीच राहिली.
चार वाजता सापडली ती, तळाच्या बर्फाच्या कपारीत
आडवी, निजल्यासारखी.
लेबलवर शाई पसरलेली. उरलं होतं एवढंच:
…ग्यम्मा, वय दीड, आई विडी.

आई विडी.
'कामगार' लिहायला जागा पुरली नसेल.

मी ती कुपी जरा जास्त वेळ धरली हातात,
नियमात बसतं त्याहून जरा जास्त.
कुठं असेल ही आता? दिल्या घरी,
की आईसारखीच तेंदूची पानं कापत?
चालत असेल ना?
एमो.

एकशेएकवीस अंश, पंधरा पौंड, एक तास.
ऑटोक्लेव्ह कुकरसारखा फुसफुसत राहिला.
पट्टीवर काळ्या रेघा उमटल्या, म्हणजे झालं.
दुसऱ्या खेपेला चादरही घातली.
बाहेर आली तेव्हा मोर गुलाबीत विरघळलेले,
कुठला कुठं कळेना.

तिसऱ्या शब्दावर खूण केली.
शेऱ्यात लिहिलं: एकेचाळीस, नष्ट केले.
खाली दोन सह्या, माझी आणि जिलानीची उर्दूतली.
सर म्हणाले, नसलेल्यासाठी केवढा हा खटाटोप!
मी काही बोलले नाही. त्यांचंही चूक नव्हतं.

सहाला निघाले. गेटपर्यंत आले
आणि परत गेले.
फ्रीजर बंद, तोंड वासून पडलेला,
पाणी ठिबकून फरशीवर ओल.
खोलीचं कुलूप ओढून बघितलं.
लागलेलं होतं.
पुन्हा एकदा ओढलं.